बंदुकीच्या कपाटाची चावी

मुलाने बंदूक घेतली तेव्हा मला भीती वाटली नाही, दमल्यासारखं झालं. आता हे आणखी एक सांभाळायचं, एवढंच मनात आलं.

ते दोन हजार नऊ साल होतं. मुलगा आयर्लंडच्या मधल्या भागातल्या एका गावी सरकारी हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होता. मिरजेहून त्याच्याकडे येऊन मला दीड वर्ष झालं होतं. सूनही डॉक्टर, पण तिचं हॉस्पिटल दर सहा महिन्यांनी बदलायचं, गावही बदलायचं. ती शनिवार-रविवारी यायची, तेही जमलं तर. बाकीचे दिवस घरात मी एकटी. कुणी दार वाजवलं तर मी पडद्याआड उभी राहून तो माणूस जायची वाट बघायची. पोस्टमनला पहिलं वर्षभर वाटत होतं की या घरात दिवसा कुणी नसतं.

मुलगा दिवसभर लोकांना झोपवायचा आणि स्वतः झोपायचा नाही. ड्यूटीवरून आला की बुटांसकट जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचा. मी ताट वाढून हाक मारली की “आलो” म्हणायचा आणि तिथेच बसून राहायचा. जेवताना फोन वाजला नाही तरी फोनकडे बघायचा. सुट्टीच्या दिवशीही पहाटे उठून खालच्या खोलीत फेऱ्या मारायचा. सकाळी त्याचे डोळे बघून मी काही विचारायची नाही. विचारलं असतं तर त्याला उत्तर देण्याचं आणखी एक काम झालं असतं.

त्याच्या ऑपरेशन थिएटरात पेशंटना ने-आण करणारा एक पोर्टर होता, साठीला आलेला, इथलाच. त्याने एका शनिवारी मुलाला आपल्याबरोबर नेमबाजीला नेलं. जिथून जळणाची काळी माती कापून काढतात त्या ओसाड माळाला इथे बोग म्हणतात. तशा एका बोगच्या कडेला त्यांच्या क्लबाचं मैदान होतं. मुलगा संध्याकाळी कोपराला चिखल लावून आला, न बोलता चार पोळ्या खाल्ल्या आणि वर जाऊन झोपला. रविवारी सकाळचे दहा वाजले तरी उठेना. मी तीनदा वर जाऊन त्याचा श्वास चालू आहे ना ते बघून आले. चौथ्यांदा गेले नाही. खाली बसून रडले थोडी, आणि मग भाजी चिरली.

म्हणून बंदूक आली तेव्हा मी नको म्हणाले नाही.

ती शिकारीची नव्हती. कागदावर मारायची होती, पण तो कागद हजार यार्डांवर, म्हणजे आपल्या घरापासून कोपऱ्यावरच्या चर्चच्याही पलीकडे. वजन सहा-सात किलो, वर दुर्बीण, पुढे दोन पाय. काडतूस माझ्या करंगळीपेक्षा लांब. मी बंदूक म्हटलं की मुलगा म्हणायचा, “आई, रायफल म्हण.” मी बंदूकच म्हणत राहिले. सुनेने पहिल्यांदा बघितली तेव्हा कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “लोकांचे नवरे गोल्फ खेळतात. आमच्याकडे तोफ.”

एवढ्या मोठ्या गोळीची बंदूक घरात ठेवायची तर इथे नियम फार. लायसन्स तीन वर्षांचं. भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं जाड पोलादी कपाट पाहिजे, अलार्म पाहिजे, काडतुसं वेगळी कुलपात पाहिजेत. पोलिसांना इथे गार्ड म्हणतात. एक गार्ड येऊन सगळं बघून गेला, तेव्हा मी स्वयंपाकघरात दार लोटून बसले होते. मुलाने कागदांवर सह्या केल्या. काय लिहिलं होतं ते मला त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चावी आधी त्याच्याकडेच असायची. दोनेक महिन्यांनी तो हॉस्पिटलातून आला तो पांढराफटक पडून. थिएटरात घालायच्या निळ्या कपड्यांच्या खिशात त्याने चावी ठेवली, ड्यूटी संपल्यावर कपडे धुण्याच्या पोत्यात टाकले आणि विसरला. त्याने आणि पोर्टरने मिळून दोन तास घाणेरड्या कपड्यांची पोती उपसली, तेव्हा सापडली. मुलगा पायरीवर बसला आणि म्हणाला, “आई, तुझा जुडगा दे.”

माझ्या कमरेला चाव्यांचा जुडगा असतो, परकराच्या नाडीला बांधलेला. लग्नानंतर सासूबाईंनी दिला तेव्हापासून आहे. त्यात मिरजेच्या घराची चावी, ट्रंकेची चावी, या घराची, आणि मागच्या अंगणातल्या, घर तापवायच्या रॉकेलच्या टाकीची, कारण त्या वर्षी लोक रात्रीतून टाक्या रिकाम्या करून न्यायला लागले होते. मुलाने त्या कडीत पोलादी कपाटाची चावी घातली आणि जुडगा परत माझ्या हातात दिला.

“तुझ्याकडून आजवर काही हरवलेलं नाही,” तो म्हणाला.

एवढं वाक्य त्याने माझ्याबद्दल त्याआधी कधी म्हटलं होतं असं मला आठवत नाही. मी ती चावी दोऱ्याच्या दोन गाठी मारून कडीला पक्की केली.

शनिवारी सून आली तेव्हा तिने ते बघितलं. ती नवऱ्याला म्हणाली, “हे नियमात बसतं का? तू सोडून दुसऱ्या कुणाला चावी द्यायची नसते ना?”

तो म्हणाला, “आई म्हणजे दुसरं कुणी आहे का?”

“तसं नाही. विचारलं आपलं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मला तर या घरात अजून काजूच्या डब्याची चावी मिळालेली नाही.”

काजूच्या डब्याला कुलूप नव्हतं. पण ती काय म्हणतेय ते मला कळलं, आणि पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी घराची चावी जुडग्यातून काढून तिला द्यायला गेले. ती म्हणाली, “अहो आई, माझ्याकडे आहे, गंमत केली.” मग मी ती चावी पुन्हा कडीत घातली.

पुढची तीन वर्षं शनिवारचा क्रम ठरून गेला. सकाळी मुलगा हात पुढे करायचा, मी नाडीचा जुडगा सोडवून द्यायची. तो कपाट उघडून बंदूक लांब पेटीत घालायचा, कुलूप लावायचा, जुडगा परत द्यायचा. संध्याकाळी आला की जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून नळी साफ करायची. त्यासाठी कापडाचे चौकोनी तुकडे लागतात. दुकानातले तुकडे नळीत फिरत नाहीत म्हणून तो कुरकुरायला लागला तेव्हा मी माझी एक जुनी सुती साडी कापून दिली, वीस वर्षं धुऊन मऊ झालेली. ते तुकडे त्याला आवडले. पहिला तुकडा काळा निघायचा, मग करडा. पांढरा निघेपर्यंत तो सळई आत-बाहेर करायचा, आणि तेवढा वेळ बोलायचा. आठवड्यातून तेवढाच वेळ.

वाऱ्याबद्दल फार बोलायचा. नुसतं गवत हलेल एवढा वारा असला तरी इतक्या लांब जाईपर्यंत गोळी चार-पाच हात बाजूला सरकते. म्हणून वाटेत ठिकठिकाणी निशाणं लावलेली असतात. जवळचं निशाण एक सांगतं, लांबचं दुसरं. त्यातून अंदाज करायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि चाप ओढायचा.

“गोळी पोचायला दीड सेकंद लागतो,” एकदा तो म्हणाला. “तेवढ्या वेळात मी काहीच करू शकत नाही. कुणी माझ्याकडून काही करून घेऊ शकत नाही.”

मला ते नीट समजलं नाही, पण सांगताना त्याचे खांदे खाली आलेले दिसले. मी त्या बंदुकीला कधी हात लावला नाही. तिच्यामुळे माझा मुलगा आठवड्यातून एक रात्र झोपतो, एवढं मला पुरे होतं. कुणी विचारलं असतं की या घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू कुठली, तर मी ते पोलादी कपाट दाखवलं असतं.

दोन हजार बारा साली लायसन्सची तीन वर्षं संपत आली. नवा अर्ज गेला. एक दिवस गार्ड येऊन कपाट बघणार असं कळलं, दुपारी तीनला. मुलाने ड्यूटी बदलून घेतली होती. पण अडीचला फोन आला. एका बाईला बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला होता, त्याला टेबल सोडता येत नव्हतं. तो म्हणाला, “आई, दार उघड, त्याला बसव. चहा दे. मी वीस मिनिटांत येतो.”

गार्ड तीनला आला. नवीन होता, तरणा, गाल लाल. टोपी काढून हातात धरली. मी दार उघडलं, “डॉक्टर कमिंग” म्हणाले, त्याला बसवलं, चहा केला, बशीत चकल्या ठेवल्या. त्याने एक चकली खाल्ली आणि ग्रँड म्हणाला. इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, तरी बरं वाटलं. मग मी दाराशी उभी राहिले. बसायचं की आत जायचं ते कळेना.

साडेतीन झाले. मुलाचा फोन लागेना. गार्डने घड्याळ बघितलं. पावणेचार झाले. तो उठला, टोपी घातली. त्याला आणखी एका घरी जायचं होतं. पुन्हा कधी येता येईल सांगता येत नाही, लायसन्सची तारीख तर जवळ आलीय, असं काहीतरी म्हणाला. तेवढं इंग्रजी मला कळत होतं, बोलता येत नव्हतं.

आता हा गेला तर मुलाचं लायसन्स जाणार, असं मला वाटलं. सगळं डोळ्यांपुढे आलं, पायरी, बूट, पहाटेच्या फेऱ्या. परक्या पुरुषासमोर मान वर करायची मला सवय नाही. तरी मी पुढे झाले, त्याच्या बाहीला हात लावला आणि “कम” म्हणाले. वरच्या लहान खोलीत नेलं. पाठमोरी होऊन निऱ्यांआडून जुडगा काढला, बरोबर ती चावी निवडली आणि कपाट उघडून दिलं. बंदूक स्वच्छ, तेल लावलेली, उभी होती. मी बाजूला सरकले, त्याला नीट दिसावं म्हणून.

तो बंदुकीकडे बघत नव्हता. माझ्या हातातल्या जुडग्याकडे बघत होता.

त्याने हळू विचारलं, ही चावी तुमच्याकडे असते का?

मला वाटलं, सुरक्षित असते का असं विचारतोय. मी म्हणाले, “ऑल्वेज. डे, नाइट. व्हेरी सेफ.” आणि कमरेवर हात ठेवून दाखवलं.

त्याने वही काढून लिहिलं. बंदुकीवरचा नंबर बघितला, काडतुसांची पेटी बघितली. मला कपाट बंद करायला सांगितलं, मी केलं. खाली आल्यावर त्याने उरलेला गार चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं ते असं, जसा आपल्याकडे एखादा ओळखीचा कंडक्टर तिकीट नसलेल्या म्हातारीकडे बघतो. मला तेव्हाही कळलं नाही. मी फार दिवसांनी काहीतरी स्वतःहून केलं म्हणून खूश होते.

मुलगा सहाला आला. बाई वाचली होती. त्याच्या मोज्यांवर रक्ताचे थेंब होते. मी ताट वाढायच्या आधीच सांगून टाकलं, गार्ड आला, त्याने सगळं बघितलं, काम झालं.

“बघितलं म्हणजे? कपाट कुणी उघडलं?”

“मी.”

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, “तू कशाला उघडलंस?”

“तुझं काम अडलं होतं.”

“चूक माझीच आहे,” तो म्हणाला. पण ते त्याने असं म्हटलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

नियम काय होता तो मला त्या दिवशी कळला. लायसन्स ज्याचं, चावी त्याच्याचकडे. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती ती लागता कामा नये. बायको नाही, आई नाही. तसं त्याने तीन वर्षांपूर्वी सही करून दिलं होतं. मी तीन वर्षं कमरेला बांधून फिरत होते तो गुन्हा होता.

सून शनिवारी आली. ती मला रागावली नाही. तिने विचारलं, “आई, तुम्ही त्याला नेमकं काय म्हणालात?” मी ते शब्द सांगितले. ती हसायला लागली, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “चार वर्षांत इतकं इंग्रजी बोलला नाहीत,” ती म्हणाली. “बोललात ते नेमकं पोलिसापाशी.” मग नवऱ्याला म्हणाली, “आणि तू. मी विचारलं होतं की नाही तुला?”

दोन आठवड्यांनी पत्र आलं. स्टेशनातल्या मोठ्या साहेबाने, सुपरिंटेंडेंटने, मुलाला भेटायला बोलावलं होतं, आईलाही आणता आलं तर बरं असं लिहिलं होतं. मुलगा पत्र घेऊन टेबलाशी बसला. पत्राची घडी घालून म्हणाला, सांगायचं की चावी त्या एकाच दिवशी तुझ्याकडे दिली होती, मला उशीर होणार होता म्हणून. मग कदाचित ताकीद देऊन सोडतील.

“मी बोलायचं?”

“विचारलं तरच. ‘ओन्ली दॅट डे.’ एवढंच म्हण.”

मी ते तीन शब्द पाठ केले. पोळ्या लाटताना म्हणायची, आंघोळीला म्हणायची. खोटं बोलायचं म्हणून मला फार काही वाटत नव्हतं, मुलासाठी आया काय काय करतात. मला दुसरंच लागत होतं. मी ती चावी तीन वर्षं एक दिवसही नजरेआड होऊ दिली नव्हती. तापातही होऊ दिली नव्हती. दवाखान्यात एक्स-रे काढताना जुडगा काढायला लावला तेव्हा मुठीत धरून बसले होते. आता म्हणायचं होतं की ती माझ्याकडे नव्हतीच.

सुपरिंटेंडेंट पन्नाशीचा होता, डोळ्यांखाली माझ्या मुलासारखीच काळी वर्तुळं. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, पावसाबद्दल बोलला, मग फाइल उघडली. मुलाने ठरलेलं सांगितलं. साहेबाने मान हलवली आणि माझ्याकडे वळून सावकाश विचारलं, चावी तुमच्याकडे कधी असते?

मी पदर धरला आणि म्हणाले, “ओन्ली दॅट डे.”

त्याने फाइलमधला एक कागद सरळ केला. त्यावर त्या तरण्या गार्डने माझे शब्द लिहिले होते. साहेबाने ते आवाज न चढवता वाचले. ऑल्वेज. डे, नाइट. व्हेरी सेफ.

मला वाटलं आता हा मला पुन्हा विचारणार, आणि मी काय म्हणू? मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते ते मुलाने बघितलं असावं. तो इंग्रजीत बोलला, पण मला सगळं कळलं. तो म्हणाला, “तिने गार्डला सांगितलं ते खरं आहे. आत्ता ती बोलली ते मी शिकवलं. तीन वर्षं चावी तिच्याकडे होती. माझ्याकडे असती तर हरवली असती.”

साहेबाने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला की ते शेवटचं वाक्य तो लिहून घेणार नाही. एवढीच दया त्याला करता येत होती बहुतेक. उठताना माझ्यासाठी त्याने स्वतः दार उघडलं.

लायसन्स नाकारल्याचं पत्र आठवड्यात आलं. कोर्टात जायची मुभा होती, मुलगा गेला नाही. बंदूक आता लायसन्सवाल्या एका दुकानात ठेवायची होती. मुलाने शेवटचं एकदा कपाट उघडलं, लांब पेटी गाडीत ठेवली. मी दारात उभी होते. जुडग्यातून ती चावी काढायला गाठी सुटेनात, सुरीच्या टोकाने सोडवाव्या लागल्या. कपाट भिंतीत तसंच राहिलं. सुनेने त्यात लोकरीचे कपडे ठेवले.

त्यानंतरचे शनिवार वाईट गेले. मुलगा जास्तीच्या ड्यूट्या घ्यायला लागला, घरी थांबायचं नाही म्हणून. घरी असला तर पुन्हा पायरी. मला रागाचा एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मी दमून गेले होते. काहीही न करता माणूस इतकं दमतं हे मला माहीत नव्हतं. मिरजेला परत जायचा विषय मी दोनदा काढला. तो “बघू” म्हणाला.

फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी दार वाजलं. पडद्याआडून बघितलं तर पोर्टर. मी दार उघडलं. तो मला मिसेस म्हणायचा. म्हणाला, मिसेस, तुमचे डॉक्टर फोन उचलत नाहीत, आणि आमच्याकडे आज माणसं कमी आहेत. मग मुलगा खाली आल्यावर त्याने नीट सांगितलं. जिथे कागद उभे करतात तिथे एक खोल चर आहे. त्या चरात बसून कागद वर-खाली करायला, भोकं बुजवायला माणसं लागतात. तिथे बसायला लायसन्स लागत नाही. जे नेम मारतात त्यांनाही पाळीने तिथे बसावंच लागतं, आणि प्रत्येक जण ती पाळी चुकवतो.

मुलगा नको म्हणाला. थकलोय म्हणाला. खरी गोष्ट अशी होती की त्याला लाज वाटत होती.

पोर्टर कोटाची बटणं लावायला लागला. मी त्याला विचारलं, “आय कम?”

दोघे माझ्याकडे बघत राहिले. पोर्टर म्हणाला, “यू आर व्हेरी वेलकम, मिसेस.” मुलगा म्हणाला, “आई, तिथे चिखल आहे.” मी म्हणाले, “असू दे. तू नेतोस की यांच्याबरोबर जाऊ?”

त्याने नेलं.

चर माणसापेक्षा खोल होता, सिमेंटचा. मागे वाळूचा मोठा ढिगारा. आम्हाला कानांवर घालायला टोपणं दिली. नेमबाजी सुरू व्हायच्या आधी लाकडी चौकटींवर नवे कागद डकवायचे होते, पलंगपोसाएवढे. बादलीत खळ आणि रुंद ब्रश. दोन माणसं वाऱ्याशी झटत होती आणि कागदाला सुरकुत्या पडत होत्या. मी बघितलं आणि ब्रश मागितला. मिरजेत औषधांच्या दुकानांना गोळ्यांसाठी रद्दीची पाकिटं लागतात. नवरा गेल्यावर सतरा वर्षं मी ती चिकटवली, दिवसाला हजार. रद्दी वाचत वाचत चिकटवायची, चौथीनंतरचं माझं वाचन तेवढंच. खळ कमी लावायची, मधून कडेकडे हात फिरवायचा, की सुरकुती राहत नाही. मी सहा चौकटी करून दिल्या. कुणी काही म्हणालं नाही, पण सातवी माझ्यापुढे आणून ठेवली.

मग गोळ्या सुरू झाल्या. डोक्यावरून चाबूक ओढल्यासारखा आवाज जातो आणि मागे वाळू उडते. पहिल्यांदा मी खालीच बसले. मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दहा गोळ्या गेल्यावर सवय झाली. गोळी लागली की चौकट खाली ओढायची, मुलगा नव्या भोकात खूण लावायचा, मी आधीचं भोक कागदाच्या तुकड्याने बुजवायची, पांढऱ्यावर पांढरा, काळ्यावर काळा. मग चौकट वर. लांब हजार यार्डांवर कोण पडून आहे ते इथून दिसत नाही. दीड सेकंद म्हणजे काय ते तिथेही मला कळलं नाही, कारण आम्हाला फक्त गोळीचं पोचणं ऐकू येत होतं.

चार तास आम्ही ते केलं. दुपारी पोर्टर खाली आला, सँडविच दिले. मुलाला म्हणाला की हॉस्पिटलात असा एखादा हात असता तर टाके कमी पडले असते. मुलगा हसला. पाच महिन्यांनी.

परतताना तो गाडी चालवत होता. माझ्या नखांत खळ वाळली होती, कंबर धरली होती. गाव जवळ आल्यावर तो म्हणाला, “पुढच्या वर्षी परत अर्ज करतो.”

“कर.”

“चावी माझ्याकडे राहील.”

“हो.”

“हरवली तर?”

“हरवली तर हरवली,” मी म्हणाले. “तू शोधायची.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा रस्त्याकडे. घरी आल्यावर तो पायरीवर बसला, पण बूट काढायला बसला. मी भात टाकला. भात होईपर्यंत बसावं म्हणून खुर्चीवर टेकले ती तिथेच झोपले. जाग आली तेव्हा त्याने गॅस बंद केलेला होता आणि भात थोडा लागलेला होता.